300 प्रती तुम्हीच घ्या, असे प्रकाशक म्हणतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: द्राक्षबागेच्या छाटणीवर सुमारे 50 हजार शब्दांचे हस्तलिखित तयार आहे. एक प्रकाशक 500 प्रती काढायला तयार आहे, पण त्यातल्या 300 प्रती लेखकाने 30 टक्के सवलतीत विकत घ्याव्यात अशी त्याची अट आहे. रॉयल्टी 10 टक्के. छापील किंमत 350 रुपये. शिवाय एक कादंबरी अर्धी लिहून झाली आहे. लेखनाकडे धंदा म्हणून पाहायचे असेल तर काय करावे?

आधी प्रकाशकाच्या अटीचा गुणाकार करा. 300 गुणिले 350, वजा 30 टक्के, म्हणजे 73,500 रुपये. हा आकडा बाजूला लिहून ठेवा. आता तेच पुस्तक तुम्ही स्वतः छापले तर किती लागतील ते बघू.

डेमी आकारात (मराठी पुस्तकांचा नेहमीचा आकार), 13 पॉइंट टाइपात एका पानावर साधारण 280 ते 300 शब्द बसतात. 50 हजार शब्दांची 175 पाने, त्यात शीर्षकपान, अनुक्रमणिका, मनोगत आणि रेखाचित्रे धरून 192. हा आकडा उगाच घेतलेला नाही. पुस्तक 16 पानांच्या फर्म्यात छापले जाते, 192 म्हणजे बरोबर 12 फर्मे. मजकूर 197 पानांवर गेला तर छापखाना 208 पानांचा हिशोब लावतो आणि शेवटी 11 कोरी पाने तुमच्या पैशाने बांधली जातात. अशा वेळी पाच पानांचा मजकूर कापावा, तो बहुधा कापण्यासारखाच असतो.

23 बाय 36 इंची कागदाच्या एका तावातून डेमीची 32 पाने निघतात. म्हणजे एका प्रतीला सहा ताव, 500 प्रतींना 3,000 ताव, म्हणजे सहा रीम. नासधूस धरून साडेसहा. 70 जीएसएमच्या (चौरस मीटरमागे 70 ग्रॅम कागदाच्या) या मापाच्या रिमाचे वजन 18.7 किलो भरते, म्हणजे एकूण 121 किलो कागद. किलोला 90 रुपये भाव धरला तर 11 हजारांच्या आसपास. कागदाचा भाव सतत हलतो म्हणून हा हिशोब स्वतः करता यायला हवा. छापखान्याने 'कागद महागला' म्हणून प्रतीमागे 15 रुपये वाढवले, तर ते किलोमागे किती झाले हे दोन मिनिटांत काढता येते. इथे एका प्रतीला सुमारे पाव किलो कागद लागतो, त्यामुळे 15 रुपयांची वाढ म्हणजे किलोला 60 रुपये. तेवढी झाली असेल तर द्या.

प्लेटा, छपाई, मुखपृष्ठाचे कार्ड, लॅमिनेशन आणि बांधणी धरून 500 प्रतींना प्रतीमागे 85 रुपये धरू, म्हणजे 42,500. संपादनाला 15,000, अक्षरजुळणीला पानामागे 30 रुपयांप्रमाणे 5,760, दोन मुद्रितशोधनांना मिळून तेवढेच, मुखपृष्ठाला 6,000. बेरीज 75,020. हे दर नमुन्यादाखल आहेत. शहर, ओळख आणि काम यांनुसार इकडेतिकडे होतील, पण प्रमाण फारसे बदलणार नाही.

आता बाजूला लिहिलेला आकडा बघा. 73,500. म्हणजे जवळजवळ अख्ख्या आवृत्तीचा खर्च तुम्ही उचलताय, आणि प्रकाशकाच्या हातात 200 प्रती बिनखर्चाच्या राहतायत. त्या विकल्या गेल्या तर तुम्हाला प्रतीमागे 35 रुपये मिळणार, म्हणजे 7,000.

यात फसवणूकच आहे असे नाही. प्रकाशक खरोखर संपादन करणार असेल, त्याचा माल पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, नाशकात, कोल्हापुरात नियमित जात असेल आणि पुढच्या आवृत्तीला तो स्वतःचे पैसे घालणार असे करारात असेल, तर ही अट काही जणांना परवडते. पण मग विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. तुम्ही घेतलेल्या 300 प्रतींवर रॉयल्टी मिळणार का? बहुतेक ठिकाणी मिळत नाही. संपादक कोण, त्याने केलेले एखादे पुस्तक दाखवा. याच प्रकारच्या शेवटच्या दोन पुस्तकांची दुसरी आवृत्ती निघाली का? आणि आतल्या पानावर 'पहिली आवृत्ती' म्हणून किती प्रती छापल्या जाणार, त्याचे छापखान्याचे बिल दाखवाल का? शेवटच्या प्रश्नावर चेहरा बदलला तर उत्तर मिळाले.

स्वतः छापले तर काय होते तेही सरळ मांडतो, कारण तिथेही लोक गुलाबी हिशोब करतात. 500 पैकी 50 प्रती विकायच्या नसतातच: परीक्षणाला, पुरस्कारांना, ज्यांनी बागेत उभे राहून माहिती दिली त्यांना. त्यातच 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनापासून 30 दिवसांत चार प्रती स्वखर्चाने पाठवायच्या असतात: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचे एशियाटिक सोसायटीतले मध्यवर्ती ग्रंथालय. स्वतः छापता तेव्हा प्रकाशक तुम्हीच. उरल्या 450. पहिल्या वर्षात 150 प्रती तुम्ही थेट विकल्या, 20 टक्के सवलतीने 280 रुपयांना: 42,000. वितरकामार्फत 200 गेल्या. वितरक निम्म्या किमतीला माल घेतो, कारण त्यातूनच दुकानदाराचे 25 ते 35 टक्के सुटतात: 35,000. एकूण 77,000. खर्च 75,020. शंभर प्रती पलंगाखाली आणि हातात दोन हजार रुपये, तेही वितरकाने पैसे दिले तर. प्रकाशन समारंभ, हार-नारळ आणि चहा यात धरलेला नाही. तो धरला की तोटाच.

किंमत 350 ऐवजी 300 ठेवली असती तर याच विक्रीत 66,000 आले असते आणि नऊ हजार अंगावर बसले असते. म्हणून छापील किंमत ही छपाईखर्चाच्या निदान चौपट असावी, शक्य तर पाचपट. 85 चे चौपट 340. 'शेतकऱ्याला परवडायला हवे' म्हणून किंमत खाली आणण्याचा मोह होईल. एका छाटणीच्या मजुरीपुढे 350 रुपये काहीच नाहीत, आणि बागायतदार पुस्तक पानांवर नाही, आतल्या उपयोगावर घेतो. एकदा छापलेल्या किमतीवर वरून जास्त रकमेचे स्टिकर मात्र चिकटवू नका. विक्रेते ते लक्षात ठेवतात.

इथे बहुतेकांची गाडी घसरते ती 1,000 प्रतींच्या मोहाने. छापखाना सांगेल की हजार काढल्या तर प्रत 62 ला पडेल. खरे आहे, प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च तोच राहतो, म्हणून वरच्या 500 प्रती जेमतेम 39 रुपयांना पडतात. पण न विकलेली प्रत 39 ची असो की 85 ची, ती अडकलेली रक्कमच. त्यात पावसाळ्यात पाने दमट होतात, कसर लागते, पांढऱ्या मुखपृष्ठाला डाग पडतात. मागणीचा अंदाजच नसेल तर आधी डिजिटल छपाईवर 100 प्रती काढा. प्रत 130 ते 150 ला पडेल, नफा नाही, पण त्या किती दिवसांत गेल्या यावरून ऑफसेटवर (प्लेटांच्या छपाईवर) किती काढायच्या ते कळते.

पैसा दिसतो तो दुसऱ्या छपाईत. संपादन, जुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचे 32 हजार एकदाच लागतात. पुनर्मुद्रणात 85 ला प्रत, 280 ला थेट विक्री. पण त्यासाठी एक गोष्ट तुमच्या हातात हवी आणि ती बहुतेक लेखकांकडे नसते: ओपन फाइल. नुसती पीडीएफ नव्हे, जुळणीची मूळ फाइल, वापरलेल्या फॉन्टच्या नावासकट.

याचे कारण मराठीचे आहे. अजूनही पुष्कळ डीटीपी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत होते. तुम्ही मोबाइलवर किंवा वर्डमध्ये युनिकोडात लिहिता, जुळणी करणारा ते कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टात नेतो आणि तिथे अक्षरे हरवतात. तुमच्या पुस्तकात सर्वाधिक येणारा शब्द 'शेतकऱ्याला', 'शेतकऱ्यांनी'. कन्व्हर्टरमध्ये त्यातला अर्धा र मोडून 'शेतकर्याला' होतो. मग कोणी हुशारी करून 'र्या'च्या जागी सगळीकडे 'ऱ्या' टाकतो, की 'पर्याय'चा 'पऱ्याय' आणि 'कार्यालया'चे 'काऱ्यालय' होते. रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, पहिली वेलांटी एक अक्षर पुढे सरकते, 'ॲ'च्या जागी चौकोन येतो. म्हणून पहिले मुद्रितशोधन जुळणीनंतर, कागदावर प्रिंट काढून, आणि दुसरे पहिल्यातल्या दुरुस्त्या झाल्यावर. दोन्ही वेळा वेगळा माणूस. लेखकाने स्वतःचे मुद्रित तपासू नये असे नाही, पण त्याला चुकलेला शब्दही बरोबरच दिसतो. औषधांची मात्रा मात्र लेखकानेच तपासायची: '0.5 ग्रॅम'मधला टिंब उडाला तर तो शुद्धलेखनाचा प्रश्न राहत नाही.

शक्य असेल तर जुळणी युनिकोडातच करून घ्या. ई-बुकला तेच लागते. ॲमेझॉनच्या केडीपीवर (स्वतःचे ई-बुक काढून विकण्याच्या सेवेवर) मराठी चालते, पण भारतातल्या विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक त्यांच्या 'सिलेक्ट' योजनेत घालावे लागते, म्हणजे 90 दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही देता येत नाही. नाहीतर 35 टक्के. तुमच्या विषयाला ई-बुकवर फार विसंबू नका. बागेत चिखलाच्या हाताने चाळायचे पुस्तक आहे हे.

म्हणूनच बांधणीवर थोडे. नुसत्या गोंदाच्या परफेक्ट बाइंडिंगमध्ये पुस्तक सपाट उघडत नाही, जोरात उघडले की कणा तडकतो आणि एप्रिलच्या उन्हात गोंद आणखी लवकर जातो. फर्मे शिवून घेतले तर प्रतीला आठ-दहा रुपये जास्त जातील, ते या पुस्तकाला द्यावेत. कागदाची धार (तंतूंची दिशा) कण्याला समांतर हवी, आडवी लागली तर पाने लाटेसारखी वळतात. ऑर्डर देतानाच सांगा, नंतर उपाय नाही. छाटणीचे टप्पे दाखवायला फोटोपेक्षा रेखाचित्र चांगले, काडीवरच्या डोळ्याच्या नेमके किती वर कापायचे ते ठळक दिसते आणि काळ्या-पांढऱ्यात छापता येते. रंगीत फोटो हवेच असतील तर सगळे एका आर्टपेपरच्या फर्म्यात घाला, पुस्तकभर पसरू नका. मुखपृष्ठ पानांची संख्या पक्की झाल्यावरच पूर्ण करा; 192 पानांचा कणा साधारण 9 मिलिमीटर येतो, 160 धरून केलेले मुखपृष्ठ 192 पानांवर चढवले तर कण्यावरचे नाव पुढच्या बाजूला सरकते.

वजनाचेही गणित आहे. 70 जीएसएमवर हे पुस्तक सुमारे 220 ग्रॅम भरते, पाकिटासह 250. 80 जीएसएम घेतला तर पाकिटासह ते 300 च्या काठावर जाते. टपाल खात्याने 1 मे 2025 पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केली, तिचा पहिला टप्पा 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपयांचा आहे. तिला अटी आहेत: निव्वळ व्यापारी प्रकाशने आणि जाहिराती चालत नाहीत, मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले हवे. पुस्तक त्यात बसते का ते आधी टपाल कार्यालयात दाखवून घ्या. खत-औषध कंपन्या मलपृष्ठावर जाहिरात द्यायला तयार होतील. ती घेतली की ही सवलत हातची जाईल, आणि शिफारशींवरचा वाचकाचा विश्वासही. कंपनीला जाहिरात विकण्यापेक्षा 100 प्रती विकाव्यात. पहिल्या आतल्या पानावर त्यांचे 'सप्रेम भेट' वेगळे छापून चिकटवता येते.

विक्रीची जागा तुमच्या बाबतीत पुस्तकाचे दुकान नाही. निफाड-दिंडोरीपासून तासगाव, पंढरपूर, बारामतीपर्यंतची कृषी सेवा केंद्रे, रोपवाटिका, द्राक्ष बागायतदार संघाची अधिवेशने, डिसेंबरात मोशीला भरणारे किसान प्रदर्शन. केंद्रवाल्याला दहा प्रती 25 टक्के कमिशनवर ठेवा, चलनावर सही घ्या, महिन्याने पैसे किंवा प्रती. दहाच, पन्नास नाहीत: पन्नास दिल्या की त्या युरियाच्या पोत्यामागे जातात. मोठ्या वितरकाकडे उधारी तीन-चार महिन्यांची आणि न खपलेला माल परत घ्यायची अट असते. परत आलेल्या प्रतींचे कोपरे दुमडलेले असतात, त्या नव्या म्हणून विकता येत नाहीत. म्हणून वितरकाला एकदम 200 नको, 50 देऊन हिशोब आला की पुढच्या 50.

सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदी हा मराठी प्रकाशन व्यवसायाचा मोठा आधार आहे, पण ती अनुदान हातात येते तेव्हा होते आणि भरघोस सवलत मागते. शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी पुस्तक जरूर पाठवा. खरेदी होईलच असे धरून प्रती मात्र छापू नका.

कागदपत्रांत आयएसबीएन फुकट आहे. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या संकेतस्थळावर लेखक-प्रकाशक म्हणून स्वतः अर्ज करता येतो, त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या अर्ज भरण्याचे आहेत. छापील आणि ई-आवृत्तीला वेगळा क्रमांक लागतो. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, पण छपाईच्या बिलावर लागतो आणि तो परत मिळत नाही. छापखान्याचा दर विचारताना 'करासह किती' असेच विचारा.

आता करार, कारण प्रकाशकाकडे जायचेच ठरले तर पुढची वीस वर्षे हा कागद बोलतो. कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षे राहतो, तेव्हा 'सर्व हक्क कायमस्वरूपी' या तीन शब्दांवर सही म्हणजे नातवंडांपर्यंतचा व्यवहार. 1957 च्या कायद्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीचे हवे, त्यात कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला किती हे हवे. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर, करारात वेगळे लिहिले नसल्यास, ते गळून पडतात. तुम्ही द्यायचे ते एवढेच: मराठी छापील आवृत्ती, पाच वर्षे, 500 किंवा 1,000 प्रती. ई-बुक, ऑडिओ, भाषांतर आपल्याकडे. रॉयल्टी 'छापील किमतीवर' की 'प्रत्यक्ष जमेवर' हा शब्द नीट बघा. 350 वर 10 टक्के म्हणजे 35. वितरकाला निम्म्यात दिलेल्या जमेवर 10 टक्के म्हणजे साडेसतरा. हिशोब दरवर्षी 31 मार्चचा, 30 जूनपर्यंत लेखी, शिल्लक प्रतींच्या आकड्यासह. आणि पुस्तक वर्षभर बाजारात नसेल तर लेखी सूचनेनंतर हक्क परत, हे एक वाक्य घालाच.

करात एक बारकावा आहे. लेखकाच्या रॉयल्टीवर 3 लाखांपर्यंत वजावट देणारे कलम 1961 च्या आयकर कायद्यात 80क्यूक्यूबी म्हणून होते (1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात क्रमांक बदलले). ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि ठोक रक्कम नसेल तर विक्रीमूल्याच्या 15 टक्क्यांपर्यंतचीच रॉयल्टी मोजली जाते. स्वतः छापून विकलेल्या प्रतींचा नफा ही रॉयल्टी नव्हे, तो धंद्याचा नफा. त्याला ही वजावट नाही. त्यामुळे छापखान्याची, टपालाची, संपादकाची सगळी बिले जपा.

कादंबरीचे गणित वेगळे, आणि ते या गणितात मिसळू नका. तिला तुमचे बागायतदार गिऱ्हाईक नाहीत. तिच्यासाठी स्वतःचे 75 हजार घालू नका. प्रकरण-दोन प्रकरणांतून स्वतंत्र कथा निघत असेल तर ती उन्हाळ्यातच दिवाळी अंकांकडे पाठवा. मानधन थोडे, पण संपादकांना नाव कळते. पहिलेच ललित पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिथे हस्तलिखित द्या. नाहीतर पैसे न मागणाऱ्या प्रकाशकाला सारांश आणि पहिली 30 पाने पाठवून थांबा. इथे ऑडिओ आणि भाषांतराचे हक्क छापील प्रतींपेक्षा मोलाचे ठरू शकतात, म्हणून ते एकाच सहीत देऊ नका.

द्राक्षाचे पुस्तक मात्र स्वतः काढा, 500 प्रती, आणि वेळ पाळा. खरड छाटणी एप्रिलची. पुस्तक 15 मार्चला हातात हवे. छपाई-बांधणीला तीन आठवडे, दोन मुद्रितशोधनांना चार, जुळणीला दोन, संपादनाला सहा. हस्तलिखित संपादकाकडे 30 नोव्हेंबरला गेले पाहिजे. अंतिम मुद्रित मंजूर झाल्यावरच, म्हणजे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करा: 250 रुपयांत, 100 प्रतींपुरती. छपाईच्या 42 हजारांतले 25 हजार असे आधीच येतात. मुद्रित हातात नसताना पैसे घेतले आणि पुस्तक मेमध्ये आले, तर छाटणी होऊन गेलेली असते. मार्च हुकलाच तर घाईने छापू नका, सरळ ऑगस्टअखेर धरा. ऑक्टोबर छाटणीची तयारी तेव्हाच सुरू होते.